काळ्या आईचं राष्ट्र: ब्राझीलच्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचाराकडे येणाऱ्यांसाठी

साओ पावलो शहराच्या जुन्या भागात लार्गो दो पाइसांदू नावाचा चौक आहे. तिथे कृष्णवर्णीयांच्या धर्मबंधू मंडळाचं रोझरी मातेचं चर्च आहे आणि चर्चला लागून 1955 मध्ये बसवलेला एक पुतळा आहे. शिल्पकार जुलिओ गेर्रा. पुतळा एका काळ्या बाईचा. ती बाळाला अंगावर पाजते आहे. बाळ तिचं नाही, मालकाचं आहे. पुतळ्याला 'माई प्रेता' म्हणतात, म्हणजे काळी आई. गुलामीच्या काळात मालकांच्या घरी दूध पाजायला, मुलं वाढवायला ठेवलेल्या हजारो बायकांची ती प्रतिमा. विसाव्या शतकात ही बाई ब्राझीलच्या राष्ट्रीय ममतेची खूण बनली. तिच्यावर कविता झाल्या, भाषणं झाली. तिच्या स्वतःच्या बाळाला त्या वेळी कोण पाजत होतं, हे मात्र पुतळा सांगत नाही.

हा प्रश्न ज्या बायकांनी विचारला, त्यांच्या विचाराची ओळख करून देण्यासाठी हे लिहितो आहे. कृष्णवर्णीय स्त्रीवाद म्हटलं की मराठी वाचकाला बहुधा अमेरिकेतल्या अँजेला डेव्हिस, बेल हुक्स, टोनी मॉरिसन आठवतात. ते साहजिक आहे, त्यांची पुस्तकं इंग्रजीत सहज मिळतात. पण 2019 मध्ये डेव्हिस साओ पावलोत व्याख्यानाला आल्या, तेव्हा त्यांनी समोरच्या गर्दीला उलट विचारलं की लेलिया गोन्झालेझ तुमच्याकडे असताना तुम्ही माझ्याकडे का पाहता. ही प्रस्तावना त्या लेलियांच्या आणि त्यांच्या सोबतिणींच्या दिशेनं जाणारी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे 48 लाख माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. आज ज्या देशाला आपण सरसकट अमेरिका म्हणतो, तिथे थेट उतरवलेल्यांचा आकडा सुमारे 4 लाख आहे. ब्राझीलनं गुलामी संपवली 13 मे 1888 रोजी, अमेरिका खंडातल्या सगळ्या देशांत शेवटी. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं, तेव्हा ब्राझीलमधल्या मळ्यांवर माणसांची खरेदी-विक्री कायदेशीरच होती आणि पुढे आणखी 15 वर्षं राहिली. मुक्तीनंतर त्या माणसांना ना जमीन मिळाली ना भरपाई. सरकारनं उलट युरोपातून मजूर आणण्यावर पैसा ओतला, कारण तिथल्या विद्वानांना देश 'गोरा' करायचा होता. जुआव बातिस्ता दे लासेर्दा या संग्रहालयप्रमुखानं 1911 मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितलं होतं की शतकभरात ब्राझीलमधून काळे लोक नाहीसे होतील.

या हवेत 1933 साली गिल्बेर्तो फ्रेइरे यांचं पुस्तक आलं, 'कझा ग्रांदे ए सेंझाला'. मालकाचा वाडा आणि गुलामांच्या खोल्या, असं त्याचं नाव. फ्रेइरे यांनी वंशशुद्धीवाल्यांच्या विरोधात जाऊन म्हटलं की ब्राझीलची खरी ताकद मिश्रणात आहे, आफ्रिकेचं देणं आपल्या जेवणात, बोलण्यात, प्रार्थनेत आहे. हे म्हणायला त्या काळी धाडस लागत होतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्या पुस्तकातलं मिश्रण वाड्याच्या आत घडतं. मालक आणि दासी यांच्यातली जवळीक मऊ, उबदार रंगात येते. त्या जवळिकीला नकार देण्याची सोय दासीला नव्हती, ही गोष्ट मागे राहते. या चित्रातूनच 'वांशिक लोकशाही' नावाची राष्ट्रीय श्रद्धा उभी राहिली: आमच्याकडे रंगभेद नाही, आम्ही सगळे मिसळलेले आहोत.

ही श्रद्धा आपल्या दारापर्यंतही आली होती. 1951 मध्ये पोर्तुगालमधल्या सालाझार राजवटीच्या निमंत्रणावरून फ्रेइरे पोर्तुगीज मुलखांच्या दौऱ्यावर निघाले आणि गोव्यात आले. पोर्तुगीज माणूस उष्ण देशांत जातो तिथे मिसळून राहतो, या कल्पनेला त्यांनी 'लुझो-ट्रॉपिकल' हे नाव दिलं, ते गोव्यातल्या व्याख्यानात. त्याच वर्षी पोर्तुगालनं आपल्या वसाहतींना कागदोपत्री 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. पुढे गोवा सोडणार नाही असं जगाला सांगताना सालाझारच्या लोकांना हा सिद्धांत फार उपयोगी पडला. ब्राझीलमधल्या वाड्याची गोष्ट मांडवीच्या काठावर वसाहतवादाची ढाल झाली, हे आपल्याकडच्या वाचकानं जरूर लक्षात ठेवावं.

युनेस्कोनं 1950 नंतर ब्राझीलमध्ये वंशसंबंधांचा अभ्यास करवला, तो या देशाकडून जगाला धडा मिळेल या आशेनं. फ्लोरेस्तान फेर्नांदेस आणि रोजे बास्तिद यांच्यासारख्या अभ्यासकांना साओ पावलोत भेदभावाचेच ढीग सापडले. 1964 मध्ये लष्कर सत्तेवर आलं आणि वांशिक लोकशाही हे जवळजवळ सरकारी धोरण झालं. 1970 च्या जनगणनेतून रंगाचा प्रश्नच काढून टाकला गेला. मोजलंच नाही, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार?

लेलिया गोन्झालेझ नेमक्या या काळात घडल्या. जन्म 1935, बेलो ओरिझोंतीचा. वडील कृष्णवर्णीय, रेल्वेत कामगार; आई आदिवासी वंशाची, घरकाम करणारी. 18 भावंडांतल्या त्या सतराव्या. एक भाऊ फुटबॉलपटू झाला, त्याच्यामुळे कुटुंब रिओला आलं. लेलिया लहानपणी दुसऱ्यांची मुलं सांभाळायच्या. पुढे त्या इतिहास, भूगोल आणि तत्त्वज्ञान शिकल्या, प्राध्यापक झाल्या, मनोविश्लेषणात बुडाल्या, कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझीलियन धर्मपरंपरेशी जोडल्या गेल्या. 7 जुलै 1978 रोजी साओ पावलोच्या नगर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, लष्करी राजवट चालू असताना, कृष्णवर्णीयांची मोठी सभा झाली आणि त्यातून एकत्रित काळी चळवळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत लेलिया होत्या.

त्यांचा जो निबंध मी नव्या वाचकाच्या हातात सगळ्यात आधी देईन, तो त्यांनी 1980 मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत वाचला: ब्राझीलच्या संस्कृतीतला वंशवाद आणि लिंगभेद. निबंधाच्या तोंडाशीच एक छोटी गोष्ट आहे. गोऱ्या लोकांनी काळ्यांवर लिहिलेल्या पुस्तकाचा समारंभ ठेवलाय. काळ्यांना आग्रहानं बोलावलंय. वागणूकही अगदी प्रेमाची. फक्त टेबल गोऱ्यांनी भरून गेलंय, म्हणून काळे मागे बसलेत. टेबलावरची मंडळी काळ्यांना काळ्यांचंच जगणं समजावून सांगताहेत. तेवढ्यात एक धीट काळी मुलगी माईक हातात घेते आणि सभेत गोंधळ उडतो. ही गोष्ट लेलियांनी गल्लीतल्या बोलीत लिहिली. त्याच लेखात पुढे त्या फ्रॉइड आणि लाकां यांच्या परिभाषेत बोलतात. परिषदेतल्या विद्वानांसमोर दोन्ही भाषा सारख्याच आत्मविश्वासानं वापरायच्या, हा त्यांचा आग्रह होता आणि तो विचाराचाच भाग होता. ज्ञानाची भाषा कोणती, हे ठरवण्याचा हक्क टेबलावरच्यांना का असावा?

मग निबंध मुख्य मुद्द्याकडे वळतो. ब्राझीलच्या मनात काळी बाई तीन रूपांत राहते: कार्निव्हलमधली मुलाता (मिश्रवर्णी बाई), घरकामवाली आणि ती पुतळ्यातली काळी आई. कार्निव्हलच्या चार दिवसांत सांबा करणारी बाई देवी असते, परदेशी पाहुण्यांपुढे देशाचा चेहरा असते. कार्निव्हल संपला की बुधवारी सकाळी तीच बाई एप्रन बांधून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते आणि दिसेनाशी होते. लेलिया म्हणतात, या दोन बायका नाहीतच. एकाच बाईकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत आणि दोन्हींचं मूळ वाड्यातल्या दासीत आहे. जो समाज तिच्यावर इतकं प्रेम करतो आणि इतक्या सहजपणे तिला लोटून देतो, त्याला मनाचा आजार जडलेला आहे. वंशवाद हे त्या आजाराचं लक्षण.

तिसऱ्या रूपाकडे आल्यावर त्यांनी जे केलं, ते मला या सगळ्या परंपरेतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. काळ्या आईला त्यांनी शरणागतीचं प्रतीक म्हणून टाकून दिलं नाही. चळवळीतल्या अनेकांना ती मूर्ती नको होती, ते समजण्यासारखंही आहे. लेलियांनी वेगळं पाहिलं. बाळाला पाजलं कुणी, न्हाऊमाखू घातलं कुणी, पहिले शब्द शिकवले कुणी, भीतीच्या आणि परींच्या गोष्टी सांगितल्या कुणी? मालकिणीनं जन्म दिला असेल, पण आईचं सगळं काम या बाईनं केलं. मग त्या बाळाची संस्कृती कुणाची? ब्राझीलमध्ये जी पोर्तुगीज बोलली जाते, तिच्या लयीत आणि शब्दांत आफ्रिकेच्या बांटू भाषा मुरल्या आहेत. लेलिया तिला 'प्रेतुगेस' म्हणत, काळ्यांची पोर्तुगीज. गरीब माणूस 'ल' च्या जागी 'र' म्हणतो म्हणून हसणाऱ्यांना त्या विचारत की आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत 'ल' नाहीच, मग यात अडाणी कोण?

फ्रेइरे म्हणाले होते की आफ्रिकेनं ब्राझीलला पुष्कळ दिलं. लेलियांनी देणाऱ्या-घेणाऱ्याची ती मांडणीच उलटी केली. ब्राझील हे मुळात काळ्या आईनं वाढवलेलं मूल आहे आणि ते आपली आई नाकारतं आहे. आम्हाला राष्ट्रात सामावून घ्या, अशी मागणी यात कुठेच नाही. 1988 मध्ये त्यांनी हा विचार सगळ्या खंडावर पसरवला आणि 'अमेफ्रिकानिदादे' ही कल्पना मांडली: अमेरिका खंडातल्या काळ्या आणि मूळनिवासी माणसांनी मिळून घडवलेलं एक सांस्कृतिक जग, जे संयुक्त संस्थानांच्या सावलीत राहत नाही.

घरकामवालीचा धागा थोडा लांब ओढतो, कारण इथे विचार आणि कायदा एकमेकांना भिडतात. ब्राझीलच्या शहरांतल्या मध्यमवर्गीय फ्लॅटचा जुना नकाशा पाहा. स्वयंपाकघरामागे कपडे धुण्याची जागा, तिच्या पलीकडे जेमतेम पलंग मावेल अशी खोली, तिला खिडकी असली तर आतल्या चौकाकडे. वेगळं दार, वेगळी लिफ्ट. मुंबईच्या इमारतींत वावरलेल्याला हे ओळखीचं वाटेल. लेलियांनी लिहून ठेवलंय की नीटनेटक्या कपड्यांतल्या, शिकलेल्या काळ्या बाईलाही रखवालदार याच सेवेच्या लिफ्टकडे पाठवत. त्या खोलीत राहणाऱ्या बाईला कामगार मानायलाच देश तयार नव्हता. लाउदेलिना दे काम्पोस मेलो या घरकामगार बाईनं 1936 मध्ये सांतोस शहरात देशातली पहिली घरकामगार संघटना काढली. 1943 च्या कामगार कायद्यानं मात्र घरकामगारांना नाव घेऊन वगळलं. इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क घटनेत लिहिले गेले 2013 मध्ये. तो प्रस्ताव संसदेत पुढे नेणाऱ्या बेनेदिता दा सिल्वा या स्वतः कधीकाळी घरकाम करत. त्यानंतरही मार्च 2020 मध्ये रिओ राज्यात कोविडनं नोंदवलेला पहिला मृत्यू एका घरकामगार बाईचा होता. तिची मालकीण इटलीहून आजार घेऊन परतली होती.

या बायकांचा आवाज विद्यापीठांच्या आधी कागद वेचणाऱ्या एका बाईच्या वह्यांतून आला होता. कारोलिना मारिया दे जेझुस साओ पावलोच्या कानिंदे झोपडपट्टीत तीन मुलांसह राहायच्या, कचऱ्यात सापडलेल्या वह्यांत रोजनिशी लिहायच्या. 1960 मध्ये ती 'क्वार्तो दे देस्पेजो', अडगळीची खोली, या नावानं छापली गेली आणि देशभर खळबळ उडाली. भुकेला रंग असतो, असं त्यांच्या पानापानावर दिसतं. गौरी देशपांड्यांची नायिका वाचून आपण जसे स्त्रीवादाकडे आलो, तसा कुणी कारोलिनांकडून आला तर त्याला फारच वेगळा स्त्रीवाद भेटेल. तिथे पहिला प्रश्न संध्याकाळच्या भाताचा आहे.

बेआत्रिझ नासिमेन्तो इतिहासकार होत्या, सेर्जिपीमधल्या अराकाजूच्या, जन्म 1942. गुलामीतून पळालेल्यांनी जंगलात वसवलेल्या स्वतंत्र वस्त्यांना किलोंबो म्हणतात. सर्वांत मोठा किलोंबो पाल्मारेस. त्याचा नेता झुम्बी 20 नोव्हेंबर 1695 रोजी मारला गेला. पाठ्यपुस्तकांत किलोंबो हा संपलेल्या बंडाचा धडा होता. बेआत्रिझ म्हणाल्या, तो संपलेलाच नाही. माणसं जिथे जिथे एकमेकांचा आधार घेऊन आपल्या रीतीनं जगतात, ती झोपडपट्टी, तो कांदोंब्लेचा मठ, ते सांबाचं मंडळ, तिथे तिथे किलोंबो चालू आहे. राकेल जर्बर यांच्या 1989 च्या 'ओरी' या माहितीपटात निवेदन त्यांचंच आहे. तो जरूर पाहावा. 1988 च्या घटनेनं किलोंबोच्या वंशजांना त्यांच्या जमिनीचा हक्क दिला आणि 2022 च्या जनगणनेत त्यांची पहिल्यांदा गणना झाली: सुमारे 13 लाख माणसं. हे बघायला बेआत्रिझ नव्हत्या. 1995 मध्ये त्यांचा खून झाला. मारकुट्या जोडीदाराला सोड, असं त्यांनी मैत्रिणीला सांगितलं होतं आणि त्या जोडीदारानंच त्यांना मारलं.

सुएली कार्नेइरो यांचा सूर वेगळा, तत्त्वज्ञाचा आणि संघटकाचा एकत्र. गुलामीमुक्तीची शताब्दी देशभर साजरी होत होती आणि रिओत काळ्या चळवळीचा निषेध मोर्चा लष्कराच्या पहाऱ्यात निघत होता, त्याच 1988 मध्ये त्यांनी साओ पावलोत 'जेलेदेस' ही काळ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. गोऱ्या स्त्रीवादाला त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा आहे. बाईला नाजूक समजून घरात कोंडलं, असं तुम्ही म्हणता. ही कुठली बाई? आमच्या आज्या शेतात राबल्या, रस्त्यावर टोपली घेऊन विकायला बसल्या. बायकांनी घराबाहेर पडून काम करावं, ही घोषणा त्यांना कळणार तरी कशी? स्त्रीवादाला काळं करायला हवं, असं त्या म्हणत. त्यांच्या 2005 च्या प्रबंधात त्या आणखी खोल जातात: वंशव्यवस्था माणसाचा जीव आणि रोजी तर घेतेच, शिवाय त्याला ज्ञान असू शकतं हेही नाकारते. शाळेत मागच्या बाकावर बसवलेल्या मुलापासून अभ्यासक्रमातून गाळलेल्या लेखिकेपर्यंत हा एकच कारभार चालतो.

आजचं चित्र झपाट्यानं बदलतं आहे. 2003 पासून शाळांत आफ्रो-ब्राझीलियन इतिहास सक्तीचा, 2012 पासून केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा, 2024 पासून झुम्बीच्या मृत्युदिनी, 20 नोव्हेंबरला, राष्ट्रीय सुट्टी. कॉन्सेइसाव एवारिस्तो यांच्या कथा-कादंबऱ्या, जामिला रिबेइरो यांची पुस्तकं यांना मोठा वाचक आहे. रिओच्या नगरसेविका मारिएली फ्रांको यांना 14 मार्च 2018 रोजी गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा शोक करायला रस्त्यावर आलेल्या मुली लेलिया आणि सुएली वाचून आलेल्या होत्या.

या क्षेत्रात भांडणंही जोरात आहेत आणि नव्या वाचकानं त्यांना घाबरू नये. 2022 च्या जनगणनेत 45.3 टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवर्णी आणि 10.2 टक्के लोकांनी काळं म्हटलं. चळवळ दोन्हींना एकत्र कृष्णवर्णीय मानते. अनेक मिश्रवर्णी, विशेषतः ॲमेझॉनकडचे, ते मानत नाहीत. आपल्या अंगात आदिवासी रक्त आहे, आफ्रिकेचं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. राखीव जागेसाठी आलेल्या उमेदवाराचा चेहरा पाहून निर्णय देणाऱ्या समित्या नेमल्या गेल्यात आणि त्यावर खटले चालतात. माझं मत असं, की समित्यांवाचून खोटे दावे थांबत नाहीत, पण मिश्रणाच्या गोड गोष्टीनं शंभर वर्षं घातलेला गोंधळ समितीच्या दहा मिनिटांत सुटेल, ही अपेक्षाही चूक आहे. लेलियांच्या काळ्या आईत आदिवासी आई कुठे बसते, यावर अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. तिथे नव्या अभ्यासकाला मोठं काम आहे.

मराठी वाचक या विचाराकडे रिकाम्या हातांनी येत नाही. 2001 मध्ये डर्बनला झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत ब्राझीलच्या काळ्या स्त्रियांच्या संघटना पूर्ण तयारीनं उतरल्या होत्या आणि त्याच आवारात भारतातले दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न मांडत होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखतींतून जे केलं आणि शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेबद्दल जे लिहिलं, ते वाचलेल्याला सुएलींचा प्रश्न लगेच उमजेल. पण घाईनं समीकरण मांडू नये. जात मिश्रण नाकारून टिकली. ब्राझीलचा वंशवाद मिश्रणाचं कौतुक करत टिकला. दोन्हींकडे अंकुश बाईच्या शरीरावर आहे, त्याची रीत मात्र वेगळी आहे आणि ही वेगळी रीत नीट बघण्यातच तुलनेचा फायदा आहे.

वाचायला सुरुवात कारोलिनांच्या रोजनिशीपासून करावी. तिचं इंग्रजी भाषांतर जुनं आहे आणि ग्रंथालयांत मिळतं. मग लेलियांचा 1980 चा निबंध, मग 'ओरी', मग सुएली. फ्रेइरे वगळू नयेत. ते वाचल्यावाचून पुढच्या बायका कुणाशी वाद घालताहेत ते कळत नाही. लेलियांचे लेख एकत्र करणारं मोठं पुस्तक ब्राझीलमध्ये 2020 मध्ये निघालं. ते मराठीत यायला हवं आणि इंग्रजीच्या वळणानं नव्हे तर थेट पोर्तुगीजमधून यायला हवं, कारण बोली आणि शास्त्र यांची त्यांनी घातलेली वीण दुहेरी भाषांतरात उसवते. गोव्यात पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणारे लोक अजून आहेत. त्यांनी आणि पुण्या-मुंबईतल्या स्त्री-अभ्यास केंद्रांनी एकत्र बसून निदान तो एक निबंध तरी आधी करावा.